परदेशातला पगार आणि पंच्याऐंशीचा पाढा

रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा संपादक मंडळातल्या तरुण मंडळींनी मला ‘काका, बँकेतल्या आठवणी लिहा’ अशी गळ घातली. आठवणी पुष्कळ आहेत. पण ताळेबंद कुणाला वाचायचा असतो? म्हणून मी दुसरा विषय घेतला आहे. आपल्या सोसायटीत आज निम्म्याहून अधिक घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्ही ज्येष्ठ मंडळी बसतो, तेव्हा कुणाच्या मुलाला नवी नोकरी लागल्याचं कळतं आणि पहिला प्रश्न येतो, ‘पगार किती?’ आकडा डॉलरमध्ये आला की सगळे मनातल्या मनात पंच्याऐंशीने गुणतात. भुवया वर जातात. चर्चा संपते.

आयुष्यभर आकडेमोड करूनही हा पाढा मी स्वतः चुकीचा म्हटला आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे. म्हणून हा इतिहास जरा मुळापासून सांगतो.

आजच्या पिढीला खरं वाटणार नाही, पण एके काळी आखातात आपला रुपयाच चालत असे. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत या सगळ्या बाजारांत व्यवहार रुपयात. त्या रुपयांच्या आडून सोन्याची तस्करी होऊ लागली, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, ‘झेड’ अक्षराच्या क्रमांकाच्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला. एक दिनार म्हणजे सुमारे सव्वातेरा रुपये. ६ जून १९६६ रोजी आपल्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला आणि कतार-दुबईनेही आपल्या रुपयाला रामराम ठोकला. म्हणजे कोकणातून जो माणूस १९५८ साली बहारीनला गेला, त्याला गुणाकार करावाच लागला नाही. गुणाकाराची सवय आपल्याला त्यानंतर लागली.

मी १९७२ साली बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि चार वर्षांनी मुंबईत फोर्ट भागातल्या शाखेत फॉरेन एक्स्चेंज डिपार्टमेंटला आलो. परकीय चलनाचा ‘फेरा’ कायदा १९७४ च्या १ जानेवारीपासून लागू झाला होता. डॉलर साडेआठ-नऊ रुपयांचा, पण मिळणार कुणाला? साध्या प्रवाशाच्या हाती आठ डॉलर पडायचे. ‘पी फॉर्म’ मंजूर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट मिळत नसे. अमेरिकेला शिकायला निघालेला एखादा हुशार मुलगा वडिलांबरोबर काउंटरवर यायचा. आठ डॉलर मोजून घ्यायचा, पुन्हा मोजायचा. सामानात प्रेशर कुकर, गोडा मसाला आणि मेतकूट. उतरल्यावर विमानतळापासून विद्यापीठापर्यंत जायलाच आठ डॉलर पुरतील की नाही, ही त्याच्या वडिलांची खरी चिंता. त्या काळी परदेशी राहण्याचा खर्च म्हणजे पहिल्या आठवड्याचा खर्च. पुढचं सगळं शिष्यवृत्तीवर आणि तिथे आधी गेलेल्या कुणा ओळखीच्याच्या सोफ्यावर.

त्याच सुमाराला दुसरी रांग लागायला लागली. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेले. आखातात रस्ते, बंदरं, इस्पितळं उभी राहू लागली आणि रत्नागिरी, चिपळूण, खेडची माणसं तिकडे निघाली. फिटर, सुतार, ड्रायव्हर, कारकून. यांचा हिशेब अगदी वेगळा होता. राहायला कंपनीची खोली, एकेका खोलीत सहा-आठ जण. जेवण कंपनीचं नाहीतर भिशी करून सामाईक. दोन वर्षांनी एक तिकीट. आयकर नाही. बायको-मुलं गावी. म्हणजे तिथला खर्च जवळजवळ शून्य आणि पगार जवळजवळ सगळा शिल्लक. या माणसाने दिनाराला रुपयाने गुणलं तर काही चुकत नव्हतं, कारण त्याचा सगळा खर्च रुपयातच होणार होता. घरावर कौलं जाऊन स्लॅब यायचा, बहिणीचं लग्न व्हायचं, भावाला रिक्षा यायची. मात्र पोरगं दोन वर्षांनी आलेल्या बापाला ‘हे काका कोण?’ विचारायचं, तो खर्च कुठल्याच वहीत नव्हता.

सरकारनेही ही रांग ओळखली. अनिवासी भारतीयांसाठी १९७० मध्ये एन.आर.ई. खातं सुरू झालं, १९७५ मध्ये परकीय चलनातलं एफ.सी.एन.आर. आलं. या दुसऱ्या खात्यातल्या विनिमय दराची जोखीम बरीच वर्षं रिझर्व्ह बँकेनेच सोसली. परदेशातल्या आपल्या माणसाची बचत देशाला किती हवी होती, हे यावरून समजावं.

मग १९९० चा ऑगस्ट आला. इराकच्या फौजा २ तारखेला कुवेतमध्ये घुसल्या. सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय तिथे होते. त्यांतल्या बहुतेकांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणलं गेलं. आमच्या शाखेचा एक जुना ग्राहक, खेडकडचा, महिन्याभराने काउंटरवर आला. पिशवीत कुवेती दिनार. आदल्या महिन्यात जगातलं सर्वांत महाग चलन होतं ते, आणि आता ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. अठरा वर्षांची नोकरी. तिथल्या बँकेतली शिल्लक अडकलेली. पण त्याच्या बायकोने दर महिन्याच्या ड्राफ्टातून थोडं थोडं इथे मुदत ठेवीत टाकलं होतं, त्यावर ते घर तगलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून अशा लोकांना भरपाई मिळाली, पण त्याला काही वर्षं गेली. आखातातून येणारा पैसा आटला, तेल महागलं आणि देशाची परकीय गंगाजळीही आटली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवावं लागलं. आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना ते दिवस विसरता येत नाहीत. घरातला दागिना सावकाराकडे जाताना वाटतं, तसं वाटलं होतं.

तिथून काळ पालटला. रुपया मोकळा होत गेला. जून २००० पासून ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ आला. आपली सोसायटी रजिस्टर झाली ती त्याच सुमाराला. तेव्हा डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता. मी २००१ साली बँकेच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बाहेर पडलो आणि त्या पैशांतून इथला फ्लॅट घेतला. कोथरूडमधली पोरं तेव्हा वर्ष २००० ची संगणकाची भानगड निस्तरून एच-वन व्हिसावर अमेरिकेला निघाली होती. आता हाती ड्राफ्ट घेतलेला फिटर नव्हता. बायको-मुलांसकट राहायला जाणारा इंजिनिअर होता. आमचा पाढा मात्र जुन्या फिटरचाच राहिला.

माझी चूक इथेच झाली.

माझ्या मुलाला २००८ च्या सुरुवातीला दोन संधी होत्या. पुण्यातल्याच कंपनीत बढती, महिना पंचेचाळीस हजार. आणि दुबईत बारा हजार दिरहॅम. दिरहॅम तेव्हा अकरा रुपयांच्या आसपास. मी सोसायटीच्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता मांडला. बारा हजार गुणिले अकरा, एक लाख बत्तीस हजार. शिवाय आयकर शून्य. सौ. म्हणाली, ‘अहो, घरभाडं किती आहे ते तरी विचारा.’ मी म्हटलं, ‘जवळजवळ तिप्पट पगार आहे, भाड्याचं काय घेऊन बसलीस!’

दुबईत त्या वर्षी भाडी आकाशाला भिडली होती. एका बेडरूमचे वर्षाला बहात्तर हजार दिरहॅम. म्हणजे अर्धा पगार. आणि तिथली रीत अशी की भाडं महिन्याच्या महिन्याला देत नाहीत, वर्षाचं भाडं एक-दोन किंवा चार पुढील तारखेच्या चेकने आधीच द्यायचं. त्यासाठी मुलाने तिथे कर्ज काढलं. पुढच्या वर्षी जागतिक मंदीत त्याची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा जायचा, आणि व्हिसा रद्द झाल्यावर तेव्हा साधारण तीस दिवसांत देश सोडावा लागायचा. चेक वटला नाही तर तिथे तेव्हा थेट फौजदारी गुन्हा व्हायचा. त्या काळात विमानतळावर गाड्या सोडून पळालेल्या लोकांच्या बातम्या आपण वाचल्या असतील. माझ्या मुलाने तसं केलं नाही. त्याने मला फोन केला.

मी बँकेत गेलो. माझी मुदत ठेव मोडली आणि रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली साडेचार लाख रुपये दुबईला पाठवले. त्या योजनेत तोपर्यंत माणशी वर्षाला दोन लाख डॉलर पाठवायची मुभा होती. आठ डॉलर मोजून देणारा मी. पंचवीस वर्षांहून अधिक काळ परदेशातून येणारे पैसे मी लोकांच्या पासबुकात जमा केले, आणि माझ्या घरातला पहिला मोठा परदेशी व्यवहार निघाला तो उलट्या दिशेचा. काउंटरवरच्या मुलीने फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, ‘काका, पैसे पाठवण्याचं कारण?’ माझ्याच्याने पटकन लिहवेना. मुलगा परत आला तेव्हा मला काही बोलला नाही. मीच पंधरा दिवसांनी त्याला म्हणालो, ‘तक्ता माझा होता.’ तो म्हणाला, ‘बाबा, सही माझी होती.’ विषय तिथे थांबला.

त्यानंतर मात्र मी हिशेब नीट शिकलो.

अर्थशास्त्रात याला क्रयशक्ती म्हणतात. सोप्या भाषेत सांगतो. आपल्याकडे केस कापायला दीडशे रुपये पडतात. न्यू जर्सीत मी पंचवीस डॉलर आणि वर पाच डॉलर टिप दिली. केस तेवढेच कापले गेले, किंबहुना माझ्या वयाला कमीच. अशा शेकडो वस्तू आणि सेवांची तुलना करून जागतिक बँकेसारख्या संस्था सांगतात, की अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते भारतात सरासरी वीस ते पंचवीस रुपयांत मिळतं. म्हणजे मुलाचा पगार एक लाख डॉलर असेल, तर पाढ्याने पंच्याऐंशी लाख होतात, पण राहणीमान इथल्या वीस-पंचवीस लाखवाल्याचं. वाईट नाही, पण पंच्याऐंशी लाखही नाहीत. पंच्याऐंशीचा पाढा फक्त शिल्लक इकडे पाठवताना म्हणायचा.

माझा मुलगा २०१३ पासून अमेरिकेत आहे. त्याच्या पगारातून केंद्राचा कर, राज्याचा कर, सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के जातात. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षं भरणा लागतो. भारत आणि अमेरिकेत याबाबतचा करार नाही, त्यामुळे सहा-सात वर्षं राहून परत आलेल्या कितीतरी मुलांचे ते पैसे तिथेच राहिले. विमा कंपनीतर्फे मिळतो, पण वर्षाच्या ठराविक रकमेपर्यंतचा खर्च आधी आपल्या खिशातून. नातीच्या पाळणाघराला महिना सोळाशे डॉलर. आम्ही दोघं २०१८ मध्ये सहा महिने तिथे होतो, तेव्हा ते सोळाशे डॉलर वाचले. आजी-आजोबांची अमेरिकावारी ही हवापालट असते असा आपला समज आहे, पण मी त्याला पगारी रजेवरची बिनपगारी नोकरी म्हणतो. प्रेमाने केली, तरी हिशेबात धरायला हवी.

मुलगी-जावई जर्मनीत, स्टुटगार्टला आहेत. तिथला हिशेब तिसऱ्याच प्रकारचा. भाडं दोन तऱ्हेचं, ‘थंड’ आणि ‘गरम’. थंड म्हणजे नुसत्या जागेचं, गरम म्हणजे हीटिंग वगैरे धरून. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत. घर ताब्यात मिळालं तर त्यात स्वयंपाकघरच नव्हतं. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून आलेले नळ फक्त. ते आपलं आपण बसवायचं! कर आणि विम्याचे हप्ते मिळून पगाराचा मोठा लचका तोडला जातो. मुलगी पहिल्यांदा पगाराची चिठ्ठी पाहून रडवेली झाली होती. पण बाळंतपणात इस्पितळाच्या बिलाची धास्ती नव्हती, मुलामागे सरकारकडून दरमहा भत्ता येतो (२०२५ मध्ये २५५ युरो), सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. आणि तिथे भरलेल्या पेन्शनचं काय होणार यासाठी भारत-जर्मनी करार २०१७ पासून लागू आहे. पगार अमेरिकेपेक्षा कमी दिसतो, पण धाकधूकही कमी.

सी विंगमधलं एक कुटुंब सिंगापूरला असतं. कर अगदी कमी, मेट्रो-बस उत्तम. मग गाडी का घेत नाहीत, असं मी विचारलं. तिथे गाडी घेण्याआधी ती दहा वर्षं बाळगण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. ही पद्धत १९९० पासून आहे आणि २०२३ मध्ये नुसत्या परवान्याचा भाव एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता. गाडी वेगळी. अमेरिकेत गाडीवाचून पाय नाहीत, सिंगापुरात गाडी ही चैन. एकाच वस्तूचा अर्थ देशागणिक बदलतो.

आखातही आता जुनं राहिलेलं नाही. अमिरातीत २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहे. सौदीत तो २०२० मध्ये पंधरा टक्के झाला. सौदीने जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबिताला महिना शंभर रियाल शुल्क लावलं, ते दर वर्षी वाढत २०२० मध्ये चारशेवर गेलं. बायको आणि दोन मुलं असतील तर महिना बाराशे रियाल. हिशेब न जमल्याने कितीतरी कुटुंबं परतली आणि घरचा कर्ता पुन्हा एकटा राहू लागला. १९७५ चा फिटर आणि आजचा इंजिनिअर एकाच खोलीत येऊन पोचले म्हणा ना.

वर्तमानपत्रात दर वर्षी ‘जगातली महाग शहरं’ अशी यादी येते. तीही जपून वाचावी. मर्सर या कंपनीच्या यादीत अंगोलाची राजधानी लुआंडा २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं सलग पहिली होती. न्यूयॉर्क-लंडनपेक्षा महाग! कारण काय, तर दीर्घ यादवी युद्धानंतर तिथे तेलकंपन्यांचे साहेब लोक आले, सुरक्षित घरं थोडी आणि त्यांना लागणारा माल सगळा आयात केलेला. ती यादी असते परदेशी साहेबाच्या खर्चाची. तिथल्या भाजीवालीच्या खर्चाची नव्हे. आपली पोरं या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहतात, त्यामुळे त्यांचा आकडा कुठल्याच यादीत सापडत नाही. तो त्यांनाच विचारावा लागतो.

आणि एक खर्च असा आहे की तो मुलांना विचारूनही कळत नाही. मार्च २०२० मध्ये परदेशी विमानांची नेहमीची वाहतूक बंद झाली, ती मार्च २०२२ मध्ये पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात विशेष विमानं होती, पण तिकीट आणि तपासण्या जमून येईपर्यंत दिवस जायचे. त्या काळात आपल्या सोसायटीतले एक ज्येष्ठ सभासद गेले. मुलगा परदेशात, पैशाला कमी नाही. तरी पोचू शकला नाही. वॉचमन, दोन तरुण सभासद आणि मी, असे आम्ही चौघे गेलो. मुलाने सगळं फोनवर पाहिलं. फोन माझ्या हातात होता. त्या मुलाचा पगार किती, हा प्रश्न त्यानंतर मला विचारावासा वाटलेला नाही.

आता आमचा मुलगा म्हणतो, ‘तुम्ही दोघं कायमचे इकडे या.’ मी त्याचाही तक्ता मांडला, यावेळी सौ.ला शेजारी बसवून. पाहुण्यांच्या विम्यात सहसा जुनी दुखणी बसत नाहीत, आणि आमच्याकडे नवं दुखणं कुठलं? चालत जाऊन भाजी आणता येत नाही. इथे आपली गोळ्यांची दुकानं, बाक आणि तुम्ही सगळे आहात. बाकी राहिली ती नात. तो रकाना आम्ही रिकामा ठेवला आहे आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल झाला की तक्ता पुन्हा उघडतो. निर्णय अजून झालेला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर देशात पाठवले. त्यात अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा, २७.७ टक्के. आणि सर्वाधिक पैसे आले महाराष्ट्रात, २०.५ टक्के. म्हणजे आपली मुलं नुसती गेली नाहीत, पाठवतही आहेत. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त जाणाऱ्या मुलाला पगार विचारण्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात : भाडं किती आणि कसं द्यायचं, आजारी पडलास तर पैसे कोण भरणार, नोकरी गेली तर किती दिवस राहता येईल, आणि परत येताना काय काय हाती येईल. बाकी पंच्याऐंशीचा पाढा बाकावर म्हणायला हरकत नाही, करमणूक म्हणून.

जाता जाता एक विनंती. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. ज्या घरांतली मुलं बाहेर आहेत, त्यांचे फोन नंबर, तिथली वेळ आणि इथे आधी कुणाला कळवायचं ती नावं, अशी एक वही ऑफिसात ठेवावी. खर्च एका वहीचा. अनुमोदक हवा आहे. इच्छुकांनी बाकावर भेटावं.